अडावदच्या अलीकडे

गाडीच्या मागच्या दाराला निळा ड्रम बांधलाय,
झाकणाचा. पूर्वी त्यात कसलंसं खत होतं.
सकाळी त्यात कपडे, दोन मुठी पावडर, अर्धा ड्रम पाणी,
वरून सायकलच्या ट्यूबचा फास.
बाकीचं रस्ता करतो.

ही यांची युक्ती.
एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढलेला माणूस
निवृत्तीच्या पैशातून शाळेची जुनी गाडी घेतो,
सीटा उपटून पलंग बसवतो, शेगडी बसवतो,
आणि बायकोला म्हणतो, चल,
आता घर मी चालवतो.
इतके दिवस कोण चालवत होतं,
हे मी विचारलं नाही.

धुळे ते पारोळा रस्ता चौपदरी, लोण्यासारखा.
संध्याकाळी झाकण उघडलं तर कपडे
आरक्षण केलेल्या प्रवाशांसारखे बसून,
कॉलरचा मळ जिथल्या तिथे.
सुधारणा झाली की असं होतं, हे म्हणाले,
आणि अमळनेरवरून चोपड्याकडे वळले,
तिथून यावलच्या रस्त्याला.

त्या रस्त्याचा एकेक खड्डा म्हणजे
माझ्या आईच्या हातातलं धोपाटणं.
मागे ड्रम डुबुक डुबुक,
पुढे यांचा चेहरा असा
की दर खड्ड्यामागे भत्ता मिळतोय.
मी हात मांडीवर ठेवून बसलेली.
चाळीस वर्षांत सकाळच्या या वेळेला
हे हात कोरडे नव्हते कधी.

अडावदच्या अलीकडे, केळीच्या बागेला लागून थांबलो.
दोरी आरशापासून बाभळीपर्यंत.
पुढे सदरे, चादर, टॉवेल,
माझं आतलं टॉवेलच्या आड;
घराला चाकं लागली तरी ही शिस्त सुटली नाही.
मे महिना. इथे कपडे वाळत नाहीत,
भाजतात. बनियन उलटायला जावं
तर पापड झालेला.

मग वावटळ आली.
सगळं सोडून नेमका माझा परकर उचलला तिनं,
ट्रॅक्टरवरच्या पोरांदेखत फुगवला,
आणि बाई चालावी तसा उभाच्या उभा
बागेत नेला.
हे हसले. मग माझ्याकडे बघून
कुठलातरी घट्ट नट पुन्हा आवळायला लागले.

केळीखाली वेगळाच ऋतू.
पायाशी ठिबकची नळी, डोक्यावर हिरवा उजेड,
आणि घड उतरवणारी सुपडाबाई
(नाव नंतर कळलं).
लुगड्यावर नवऱ्याचा शर्ट; मूळ रंग कुठला
ते त्या शर्टालाही आठवत नसेल,
चिकानं खांद्यापासून चॉकलेटी.
तिनं परकर झटकून दिला.
धरला होता तिथे, नाडीच्या खाली,
ओलसर चार बोटं.

असू दे, मी म्हटलं, धुतलं की जाईल.
ती इतकी हसली की विळा खाली ठेवावा लागला.
"केयना चीक शे, माय.
कपडा जाई, डाग ऱ्हाई."

गाडी बघायला बाहेर आली.
पलंग बघितला, शेगडी बघितली,
ड्रमची हकिकत ऐकताना झाकणावर
दोनदा टिचकी मारली.
"मंग तुना हात काय करतस?"

यांनी चहा टाकला होता. तिघांनी प्यायला.
ती बशीतून, आवाज करत, घाईत;
तोडणीचा ट्रक चारला येणार होता.

रात्री परकर ड्रममध्ये टाकला नाही.
बादली घेतली, पाटा नव्हता तर गाडीच्या पायरीवर घासला.
टाकीतलं पाणी बरंच गेलं.
यांनी काटा बघितला, बोलले नाहीत.

डाग गेला नाही. तिसऱ्या धुण्याला तर
आणखी गडद झाला, चारही बोटं स्पष्ट,
चालत्या गाडीत तोल जाताना
कुणीतरी कमरेला धरावं तशी.